डूलासोबत बाळंतपण: पहिल्या भेटीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत

डूला म्हणजे बाळंतपणात आईला सतत सोबत आणि आधार देणारी बाई. तिला ठरवताना बहुतेक जोडप्यांच्या मनात एकच अपेक्षा असते: ती आमच्या बाजूने डॉक्टरांशी बोलेल. पहिली गल्लत इथेच होते. डूला तुमच्या वतीने बोलत नाही. तुम्हाला स्वतःला विचारता यावं म्हणून ती दोन मिनिटं आणि थोडी शांतता मिळवून देते. एरवी तिचं काम बरंचसं हातांचं असतं: कंबर दाबणं, कूस बदलायला मदत करणं, पाण्याचा घोट देणं, श्वास अडकला की सोबत श्वास घेणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटपर्यंत खोलीत असणं. नर्सची पाळी संपते, डॉक्टर येऊन-जाऊन असतात, डूला मात्र तिथेच असते.

ती वैद्यकीय काम करत नाही. आतून तपासणी, रक्तदाब, बाळाचे ठोके, औषध देणं किंवा बंद करणं यांतलं काहीही तिच्या कामात बसत नाही. ती दाई नाही आणि नर्सही नाही. 'अजून दवाखान्यात जाऊ नका, मी बघते' असं म्हणणारी डूला आपली हद्द ओलांडते आहे, मग तिचा अनुभव कितीही असो.

'डूला' हा शब्द मुळात ग्रीक, अर्थ सेवा करणारी स्त्री. बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी तो १९७०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी रूढ केला. पुढे मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या गटाने ग्वाटेमालात कळांच्या वेळी सतत कुणी सोबत असण्याचा परिणाम तपासला. तो अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात १७ देशांमधल्या २६ चाचण्या आणि १५,०००हून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये सिझेरियन आणि वेदनाशामक औषधांचं प्रमाण कमी दिसलं, कळांचा काळ सरासरी चाळीसेक मिनिटांनी कमी भरला. त्यात सोबत करणाऱ्या सगळ्याच डूला नव्हत्या, नातेवाईक आणि रुग्णालयातल्या बायकाही होत्या. शिवाय सरासरी म्हणजे हमी नव्हे.

शोध: २० ते २८ आठवडे

या काळात शोध सुरू केला तर दोन-तीन निवांत भेटी ३६व्या आठवड्याच्या आत होतात. ३४व्या आठवड्यातही डूला मिळू शकते, फक्त निवडीला वाव कमी राहतो.

डूला शोधण्याआधी रुग्णालयात चौकशी करा. तीही फक्त डॉक्टरांकडे नको, प्रसूतिकक्षातल्या मुख्य नर्सकडेही करा, कारण रात्री तीन वाजता दार तिथलाच कर्मचारीवर्ग उघडतो. प्रश्न असे: कळांच्या वेळी किती माणसांना आत परवानगी आहे? डूला त्या मोजणीत धरतात का? एपिड्युरल (पाठीतून देऊन कमरेखालचा भाग बधिर करणारं वेदनाशामक) देताना सोबतच्यांना बाहेर पाठवतात का? शस्त्रक्रियागृहात कुणाला येऊ देतात? एकालाच परवानगी असेल तर आधीच ठरवा, जोडीदार आणि डूला आळीपाळीने आत येतील की डूला भरती होईपर्यंत घरी सोबत करेल आणि नंतर फोनवर राहील. हे आयत्या वेळी दारात ठरवायला घेतलं तर कळा सोसणारी बाई एकटी आत आणि दोघं बाहेर वाद घालताहेत, असं चित्र होतं.

पहिली मुलाखत

किमान दोघीजणींना भेटा. प्रशिक्षण कुठे घेतलं, किती बाळंतपणांना हजर होती, हे विचाराच. पण उत्तरांपेक्षा उत्तर द्यायची पद्धत जास्त सांगून जाते. 'तुम्ही सोबत असताना बाईंनी एपिड्युरल मागितलं तर काय करता?' असं विचारून बघा. 'लगेच नर्सला कळवते, आणि ते मिळेपर्यंतच्या कळा तिच्यासोबत काढते' हे उत्तर चांगलं. 'मी त्यांचं मन वळवते' हे उत्तर आलं की चहा संपवून उठावं.

आणखी तीन गोष्टी विचारायच्याच. एक, तुमच्या ३८ ते ४२ आठवड्यांच्या काळात तिच्याकडे आणखी किती बाळंतपणं आहेत. ठरलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, त्यामुळे दोन बायकांच्या तारखांत आठ दिवसांचं अंतर असलं तरी कळा एकाच रात्री सुरू होऊ शकतात. दोन, ती आली नाही तर बदली कोण. त्या बदली डूलाला एकदा तरी भेटा, निदान फोनवर बोला. तीन, बोलावल्यावर ती किती वेळात पोचते.

'माझ्याकडे सगळ्या नॉर्मलच होतात' असं सांगणारी, तपासण्या टाळायला सांगणारी, तुमच्या डॉक्टरांबद्दल पहिल्याच भेटीत वाईट बोलणारी, या तिघींना नमस्कार करून मोकळं व्हा.

ठरलं की सगळं कागदावर आणा. आधीच्या आणि नंतरच्या भेटी किती, फोनवर कोणत्या तारखेपासून हजर, कळा चोवीस तासांपुढे लांबल्या तर बदली कधी बोलावायची, नियोजित सिझेरियन झालं तर काय, ती पोचण्याआधीच बाळ झालं तर पैशांचं काय, फोटो काढायचे की नाही आणि काढले तर कुणाला दाखवायचे. या शेवटच्या मुद्द्यावर बोलायचं लोक हमखास विसरतात आणि मग त्यावरूनच मनं दुखावतात.

कळांआधीच्या भेटी

पहिल्या भेटीत बोलायचं असतं. तब्येत, आधीचं बाळंतपण किंवा गर्भपात, औषधं, भीती. स्पर्शाबद्दल स्पष्ट सांगा: कुठे हात लावलेला चालतो, कुठे नाही. आतून तपासणीची धास्ती असेल तर एवढंच सांगितलं तरी पुरे, कारण द्यायची गरज नाही. डूलाने ते नर्सच्या कानावर घालायचं की नाही, हेही तुम्हीच ठरवायचं.

दुसरी भेट सरावाची, आणि तिला जोडीदार हवाच. डूला आली म्हणून त्याचं काम संपत नाही. पहिले काही तास घरात तोच असतो. दोन गोष्टी त्याच्या हातात बसल्या पाहिजेत.

पहिली, कंबरेच्या खालचा दाब. माकडहाडाच्या वर साधारण तळहातभर सपाट, त्रिकोणी हाड लागतं, तिथे तळहाताची टाच ठेवायची. कोपर सरळ, एक पाऊल पुढे, आणि हाताच्या जोराने न दाबता अंगाचा भार सोडायचा. कळ सुरू होताना दाब द्यायचा, संपेपर्यंत एकसारखा ठेवायचा, मग हळूहळू काढायचा. चोळायचं नाही. चोळल्याने कातडी हुळहुळते आणि तासाभरात तिला तो हातच नकोसा होतो.

दुसरी, दोन्ही बाजूंनी कटी आवळणं. तिने पुढे झुकून पलंगाचा किंवा खुर्चीचा आधार घ्यायचा. मागच्याने दोन्ही तळवे नितंबांच्या बाहेरच्या मांसल भागावर ठेवायचे, बोटं मणक्याकडे वळलेली, आणि आत व किंचित वर असा दाब द्यायचा. हमखास होणारी चूक म्हणजे हात वर सरकून कमरेच्या मऊ भागावर जातात. तिथे दाबून काहीच मिळत नाही, उलट ती वैतागते. बाजूचं उंच हाड चाचपून पाहा, हात त्याच्या खालीच हवेत. आणि किती जोर हवा हे तिला विचारा. सरावात 'बास' म्हणणारी कळांच्या वेळी 'अजून, अजून' म्हणते.

मोठा हवेचा चेंडू वापरणार असाल तर मध्यम उंचीच्या बाईला ६५ सेंटीमीटरचा पुरतो, बरीच उंच असेल तर ७५चा लागतो. बसल्यावर गुडघे कुल्ह्यांपेक्षा जरा खाली आले तर माप बरोबर. फरशीवर न घसरणारी चटई अंथरा आणि पहिले काही दिवस कुणीतरी शेजारी असू द्या.

तिसऱ्या भेटीत, ३४ ते ३६ आठवड्यांच्या सुमाराला, पसंतीचा कागद करा. एकच पान. तीन भाग: कळा चालू असताना, बाळ बाहेर आल्यावर, सिझेरियन झालं तर. 'हे नको, ते नको' अशी वीस कलमं लिहिली की वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी येते. 'हालचाल करायची इच्छा आहे, शक्य असल्यास ठोके मधूनमधून तपासावेत', 'नाळ १ ते ३ मिनिटं थांबून कापावी', 'बाळ ठीक असेल तर पहिला तास छातीवरच ठेवावं' अशी वाक्यं वाचलीही जातात आणि पाळलीही जातात. सिझेरियनचा भाग रिकामा सोडू नका. तिथे सोबत कोण, बाळासोबत कोण जाणार, दूध कधी पाजायचं, एवढं तरी लिहा. हा कागद ३६व्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवा. तिथे 'आमच्याकडे हे होत नाही' असं कळलं तर अजून विचाराला वेळ असतो.

कळा सुरू झाल्यावर

शंका आली की डूलाला निरोप पाठवा, पण लगेच बोलावू नका. पहिल्या बाळंतपणात सुरुवातीचा टप्पा बराच लांबू शकतो, कधी कधी दिवसभर. या टप्प्यात घडणारी चूक ठरलेली: रात्री दोनला पहिली कळ येते, सगळं घर जागं होतं, जोडीदार प्रत्येक कळ फोनमध्ये नोंदवत बसतो, आणि खरं काम सुरू होतं तेव्हा सगळेच थकलेले. झोप येत असेल तर झोपा. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर हलकं खा, पाणी प्या, दर तास-दोन तासांनी लघवीला जा. भरलेलं मूत्राशय बाळाच्या वाटेत येतं.

कळा मोजताना एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ धरायचा. शेवटापासून मोजलं की आकडा चुकतो आणि त्यावर घेतलेला निर्णयही. दर दोन तासांनी लागोपाठ पाच-सहा कळा मोजल्या तरी पुरे. चालल्यावर, आडवं पडल्यावर किंवा अंघोळ केल्यावर विरून जाणाऱ्या कळा बहुधा सरावाच्या असतात. खऱ्या कळा काहीही केलं तरी लांबत, जवळ येत आणि जोर धरत जातात.

पहिल्या खेपेला बरेच जण ५-१-१ असं लक्षात ठेवतात: पाच मिनिटांच्या अंतराने, एकेक मिनिटाच्या, तासभर टिकलेल्या कळा. तोवर डूला तुमच्याजवळ पोचलेली असावी. दुसरी खेप असेल, दवाखाना दूर असेल किंवा डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्याआधीच निघायचं.

पुढचं काही दिसलं तर मात्र पहिला फोन दवाखान्याला, डूलाला नंतर: ताजं रक्त जाणं, पाणी गेलं आणि त्याला हिरवा-तपकिरी रंग किंवा घाण वास असणं, बाळाची हालचाल मंदावणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, वरच्या पोटात दुखणं, ताप, ३७ आठवड्यांआधी कळा. पाणी स्वच्छ असलं तरी ते गेल्याचं लगेच कळवायचंच. योनीत नाळ लागली किंवा दिसली तर गुडघे-छाती टेकून, कंबर वर ठेवून रुग्णवाहिका बोलवा.

प्रसूतिकक्षात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कळांचा सक्रिय टप्पा गर्भपिशवीचं तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर सुरू होतो. पहिल्या खेपेला तो १२ तासांपर्यंत असू शकतो, पुढच्या खेपांना १० पर्यंत. 'तासाला एक सेंटीमीटर झालंच पाहिजे' हा जुना हिशेब सगळ्यांना लागू पडत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. आकडा ऐकून धीर सुटतो, म्हणून काही बायका आधीच सांगून ठेवतात: तपासणीचा आकडा मला सांगू नका, डूलाला सांगा. हे सहज चालतं.

खोलीचा ताल डूला लावते. दिवे मंद, आवाज खाली. साधारण अर्ध्या तासाने स्थिती बदलायची: उभं राहून जोडीदाराच्या गळ्यात हात टाकून डोलणं, चेंडूवर बसणं, कुशीवर, हातापायांवर ओणवं. कळा सगळ्या पाठीतच येत असतील तर बऱ्याचदा बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे असते. तेव्हा ओणवं होणं आणि कंबरेच्या खालचा तो दाब सगळ्यात जास्त उपयोगी पडतो. कळ चालू असताना तिला प्रश्न विचारायचा नाही. ओसरल्यावर विचारायचा, आणि तोही मान हलवून उत्तर देता येईल असा. 'काय हवंय तुला?' याला उत्तर नसतं. 'पाणी?' याला असतं.

एपिड्युरल घेतलं की डूलाचं काम संपलं, असं समजून तिला घरी पाठवणारे भेटतात. ती घाई नको. पाय जड झाल्यावर कूस बदलायला मदत लागते, दर अर्ध्या-एक तासाने. गुडघ्यांमध्ये भुईमुगाच्या शेंगेसारखा लांबट चेंडू किंवा जाड उशी ठेवतात. बधिर भागावर गरम पिशवी मात्र कधीच नाही, भाजल्याचं तिला कळणार नाही.

निर्णयाची वेळ येते तेव्हा सराव कामाला येतो. समजा डॉक्टर म्हणाले, 'कळा वाढवायचं औषध लावू या.' डूला इथे 'नको' म्हणत नाही. ती तुमच्याकडे वळून एवढंच म्हणते, 'काही विचारायचंय का डॉक्टरांना?' मग तुम्ही किंवा जोडीदाराने पाठ केलेले प्रश्न: याने फायदा काय? धोका काय? दुसरा पर्याय आहे का? तासभर थांबलो तर काय होईल? आणि मग, आम्हाला पाच मिनिटं मिळतील का? डॉक्टर 'थांबायला वेळ नाही' म्हणाले तर तेच उत्तर, प्रश्न तिथेच संपतात. एरवी ही पाच मिनिटं बहुधा मिळतात, आणि त्यानंतर घेतलेला निर्णय, होकार असो की नकार, मागाहून टोचत नाही.

डूलाच नर्सशी हुज्जत घालू लागली तर? त्यासाठी आधीच एक वाक्य ठरवून ठेवा, उदाहरणार्थ, 'आपण जरा बाहेर बोलू.' ते जोडीदाराने म्हणायचं. त्या खोलीतला ताण शेवटी बाळंतिणीच्या अंगावर येतो.

८ ते १० सेंटीमीटरच्या दरम्यान बहुतेकींना कापरं भरतं, उलटी होते, 'मला आता जमणार नाही' असं तोंडून निघतं. जोडीदार इथेच घाबरतो. डूलाने हे आधी सांगितलेलं असेल तर त्याला कळतं की शेवट जवळ आला. या वेळी लांबलचक धीर देऊ नका. 'ही एक कळ' एवढंच.

जोर करण्याचा टप्पा पहिल्या खेपेला तीन तासांपर्यंत चालू शकतो. आतून रेटा येईल तसा जोर करावा, श्वास कोंडून दहा आकडे मोजत नव्हे, हाच आजचा सल्ला आहे. एपिड्युरलमध्ये रेटा कळत नसेल तर नर्स सांगते, डूला तिचंच सांगणं कानाजवळ पुन्हा म्हणते.

सिझेरियन ठरलं आणि एकालाच आत जाता येत असेल तर साधारणपणे जोडीदार आत जातो. बाळाला तपासणीसाठी वेगळं नेलं की तो बाळासोबत जातो. परवानगी असेल तर डूला आईजवळ थांबते. टाके घालण्याचा तो काळ लांब आणि एकटा असतो, त्याची आखणी कागदावर असलेली बरी.

बाळ झाल्यावर

वार साधारणपणे अर्ध्या तासात पडते. डूला पुढे एक-दोन तास थांबते: बाळ छातीवर नीट ठेवलं आहे ना, नाक मोकळं आहे ना, पहिल्यांदा स्तन तोंडात घेताना फक्त टोक नाही तर भोवतालचा गडद भागही येतो आहे ना. टोकच चोखलं की दुसऱ्या दिवशी भेगा पडतात.

घरची पहिली भेट दोन-तीन दिवसांत व्हावी, दुसरी दोन आठवड्यांच्या आत. पहिल्या दिवसांत येणारा चीक थोडाच असतो आणि तेवढाच पुरतो. भरपूर दूध साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उतरतं, सिझेरियननंतर कधी थोडं उशिरा. बाळाला २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. दूध पोचतंय की नाही हे रडण्यावरून न ठरवता लंगोटांवरून ठरवा. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट हवेत. सुरुवातीला वजन थोडं उतरतं, पण घट १० टक्क्यांच्या जवळ गेली किंवा बाळ दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परतलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आईसाठी डॉक्टरांना लगेच फोन करायची कारणं: तासाभरात एक पूर्ण पॅड भिजणं, लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी गाठ पडणं, ३८ अंश सेल्सिअस किंवा वर ताप, एका पोटरीत दुखून सूज, धाप किंवा छातीत दुखणं, तीव्र डोकेदुखी, टाक्यांतून पू. पहिल्या काही दिवसांत विनाकारण रडू येणं पुष्कळजणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलं तरी झोप लागेना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर डूलाच्या गप्पा पुरणार नाहीत, डॉक्टर हवेत. इजेचे विचार आले तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही.

रात्रीच्या जागरणाला, घरकामाला हात हवा असेल तर त्यासाठी बाळंतपणानंतरची वेगळी डूला असते. कळांच्या डूलाकडून ती अपेक्षा ठेवली की दोन्ही बाजूंनी नाराजी होते.

शेवटच्या भेटीत तिच्याकडून त्या दिवसाचा क्रम लिहून घ्या: पाणी कधी गेलं, औषध कधी लावलं, जोर कधी सुरू झाला. बाळंतिणीला हे तास तुटक आठवतात, आणि दोन आठवडे उलटले की डूलाही विसरते. दवाखान्याच्या सुटीच्या कागदाला हे पान टाचून ठेवा. पुढच्या खेपेला नवे डॉक्टर पहिल्या भेटीत नेमकं हेच विचारतात.